पंचायतीचे वीजबिल तपासून देणारी उद्यमबागेतील सेवा : घ्यावी का आणि किती घ्यावी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या ग्रामपंचायतीने शेजारच्या दोन पंचायतींसह बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका लहान संस्थेकडून आपल्या सर्व वीजजोडण्यांची तपासणी करून घेतली. फाउंड्री आणि मशिन शॉप यांची वीजबिले वर्षानुवर्षे तपासत आलेल्या अभियंत्यांनी आता हेच काम ग्रामपंचायती आणि नगरपंचायतींसाठी सुरू केले आहे. खानापूर, हुक्केरी आणि निपाणी भागांतील काही सदस्यांनी व पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) या सेवेबद्दल माझ्याकडे विचारणा केली, म्हणून सदस्य या नात्याने जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण असे काम करणारी इतरही मंडळी बेळगाव-हुबळी परिसरात आहेत आणि खाली मांडलेले निकष त्या सर्वांना लावता येतील. माझे मत आधीच सांगतो : तपासणी अवश्य करून घ्यावी, साहित्य त्यांच्याकडून घेऊ नये आणि बचतीतील टक्केवारीवर करार करू नये.

पंचायतीला वीज स्वस्तात मिळवून देऊ, असे सांगत कोणी आले तर सावध राहावे. काही देशांत नगरपालिका एकत्र येऊन वीजविक्रेत्यांकडून निविदा मागवतात आणि कमी दराचा करार करतात. आपल्याकडे ती वाट जवळजवळ बंद आहे. बेळगावसह सात जिल्ह्यांत वीजपुरवठा हेस्कॉम ही सरकारी वीज वितरण कंपनी करते आणि दर कर्नाटक विद्युत नियामक आयोग ठरवतो. पंचायतीची नळपाणी योजना एलटी-६(अ) या लघुदाब दरवर्गात येते आणि पथदिवे एलटी-६(ब) या वर्गात येतात. आयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये तीन वर्षांचे दर एकदम जाहीर केले, त्यामुळे दरावर घासाघीस करायला जागाच नाही. केंद्राच्या २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी बाहेरून सौर किंवा पवनवीज घेण्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि पुढील वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकाच वीज विभागातील अनेक जोडण्यांचा भार एकत्र करून ही मर्यादा गाठता येते. महानगरपालिकेने किंवा मोठ्या बहुग्राम पाणी योजनेने याचा अभ्यास जरूर करावा. परंतु विहिरीवरच्या दोन-चार मोटारी आणि शे-दोनशे पथदिवे एवढाच पसारा असलेल्या पंचायतीला वहन आकार (दुसऱ्याच्या तारांतून वीज आणण्याचे शुल्क), अधिभार आणि दीर्घ मुदतीचे करार यांत शिरण्यात अर्थ नाही. या संस्थेने पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगितले आणि दराऐवजी जोडणी, भार आणि तास या तीन गोष्टींवर काम करू असे म्हटले. त्यांच्यावरचा माझा विश्वास तिथून सुरू झाला.

काम आरआर नंबरांच्या, म्हणजे प्रत्येक वीजजोडणीच्या ग्राहक क्रमांकांच्या, यादीपासून सुरू झाले. पंचायतीच्या नावावर किती जोडण्या आहेत, हे दप्तरात एक, हेस्कॉमच्या बिलांत दुसरे आणि प्रत्यक्ष गावात तिसरे असते, अशी अवस्था अनेक ठिकाणी आढळते. संस्थेच्या माणसांनी वाटरमनला (मोटार चालवून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) बरोबर घेऊन प्रत्येक मीटरजवळ जाऊन त्याचा क्रमांक, त्यावर चालणारी मोटार अथवा दिव्यांची ओळ, मोटारीच्या नेमप्लेटवरील एचपी आणि मीटरवरील त्या दिवसाचे वाचन यांची नोंद केली. त्यातून आटलेल्या कूपनलिकेवरची, मोटार कधीच काढून नेलेली एक जोडणी समोर आली. तिचा वापर शून्य होता, पण एचपीवर आकारला जाणारा स्थिर आकार दरमहा बिलात येतच होता. जोडणी बंद करण्याचा अर्ज पंचायतीकडूनच कधी गेला नव्हता, त्यामुळे यात पुरवठादाराचा दोष नाही. एका जुन्या सार्वजनिक विहिरीच्या जोडणीवर लगतच्या पथदिव्यांची ओळ चालत असल्याचेही दिसले. एका वर्गाच्या जोडणीवर दुसऱ्या वर्गाचा वापर झाला, तर २००३ च्या वीज कायद्याच्या १२६व्या कलमाखाली तो अनधिकृत ठरू शकतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. हा धोका त्यांनी लेखी कळवला आणि दिव्यांची ओळ योग्य मीटरवर हलवण्याचा आराखडा दिला. संपूर्ण सेवेत मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच. यासाठी महागडे उपकरण लागत नाही, गावभर फिरण्याची तयारी आणि स्वच्छ नोंदी लागतात. तरीही पंचायतीच्या अपुऱ्या कर्मचाऱ्यांकडून हे काम वर्षानुवर्षे होत नाही.

मंजूर भाराचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. दहा एचपीची मोटार जळाल्यावर तिच्या जागी साडेसात एचपीची बसवली जाते, पण कागदावर भार दहाच राहतो आणि स्थिर आकार दहा एचपीचा भरावा लागतो. उलट प्रकारही घडतो : उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली म्हणून घाईने मोठी मोटार बसवली जाते आणि मंजूर भार ओलांडला जातो, ज्याचा भुर्दंड स्थिर आकाराच्या बचतीपेक्षा कितीतरी जास्त असतो. संस्थेने नेमप्लेटवर भरवसा न ठेवता टाँग टेस्टरने प्रत्यक्ष प्रवाह मोजला, जे आवश्यकच होते, कारण अनेक वेळा रिवाइंडिंग केलेल्या मोटारीची नेमप्लेट खरे सांगत नाही. भार कमी करण्याचे आणि वाढवण्याचे अर्ज त्यांनी कन्नडमध्ये तयार करून दिले, सोबत जोडायच्या कागदांची यादीही दिली, त्यामुळे पीडीओंच्या सहीनंतर ते थेट सेक्शन ऑफिसात देता आले.

कपॅसिटरच्या, म्हणजे मोटारीचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारणाऱ्या उपकरणाच्या, बाबतीत एक स्थानिक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या भागातील बहुतेकांचे नातेसंबंध चंदगड, गडहिंग्लज आणि कोल्हापूरशी आहेत आणि मोटार, पॅनल, कपॅसिटर यांची खरेदीही अनेकदा तिकडेच होते. तिकडच्या पाहुण्यांनी किंवा दुकानदारांनी दिलेला सल्ला त्यांच्या वीजदराच्या दृष्टीने बरोबर असतो, पण महाराष्ट्रातील दररचना वेगळी आहे. तिथे २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटवरील लघुदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष कामी न येणारी वीजही हिशेबात धरून, बिल येते, त्यामुळे पॉवर फॅक्टर जितका एकाच्या जवळ जाईल तितके बिल घटते. आपल्याकडील पंचायतीच्या लहान जोडण्यांवर मुख्य प्रश्न पॉवर फॅक्टर ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यावर लागणाऱ्या अधिभाराचा असतो. तो टाळण्यासाठी साडेसात एचपीच्या मोटारीला साधारण ३ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक) आणि दहा एचपीच्या मोटारीला ४ केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर पुरतो. स्वयंचलित पॉवर फॅक्टर पॅनलची गरज फाउंड्रीला असते, विहिरीवरच्या मोटारीला नसते. संस्थेने हे समजावले, जुने फुगलेले कपॅसिटर दाखवले आणि ते बदलण्यापुरताच खर्च सुचवला.

पथदिव्यांवर मात्र थोडे थांबून लिहावे लागेल, कारण एलईडी बसवले म्हणजे बचत आपोआप होते असा समज सर्वत्र पसरला आहे. ४० वॅटची जुनी ट्यूबलाइट चोकसह पन्नास वॅटहून अधिक वीज घेते, तिच्या जागी २० वॅटचा एलईडी दिवा पुरेसा उजेड देतो. १०० दिव्यांमागे साधारण ३.२ किलोवॅट भार कमी होतो आणि रात्रीचे ११ तास धरले तर वर्षाला सुमारे १२,८०० युनिटांची बचत होते. हा हिशेब अचूक आहे, मात्र तो मीटर असलेल्या जोडणीलाच लागू पडतो. ज्या पथदिव्यांना मीटर नाही आणि नोंदवलेल्या भारावरून वापर गृहीत धरला जातो, तिथे दिवे बदलूनही नोंदीतला भार जुनाच राहिला तर बिल जसेच्या तसे येत राहते. मीटर असलेल्या ठिकाणीही युनिटे कमी होतात, पण किलोवॅटवरचा स्थिर आकार भार सुधारून घेईपर्यंत कमी होत नाही. दिवे बदलणाऱ्या ठेकेदाराचे काम खांबावर संपते आणि कागदांचे काम कोणाचेच नसते, ही आपल्याकडील खरी गळती आहे. संस्थेने बदललेल्या दिव्यांची खांबनिहाय यादी करून भारदुरुस्तीचा अर्ज दिला, याबद्दल तिला पूर्ण गुण द्यावे लागतील.

दिव्यांच्या तासांबाबतही त्यांचे काम पक्के होते. बेळगाव परिसरात जूनमध्ये सूर्यास्त सातनंतर होतो, तर डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो, आणि सूर्योदय जूनमध्ये सहाच्या आसपास तर जानेवारीत सातच्या आसपास होतो. एकदा लावून ठेवलेला साधा टायमर यामुळे वर्षातला बराच काळ चुकीच्या वेळी दिवे लावतो किंवा विझवतो, आणि हाताने चालणाऱ्या स्विचची जबाबदारी वाटरमनवर असेल तर पाणी सोडण्याच्या घाईत सकाळी दिवे जळत राहतात. उजेडावर चालणारा सेन्सर हा उपाय खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, नीट चालत नाही, कारण तिथल्या पावसाळ्यातील दाट ढगांमुळे भर दिवसाही दिवे लागतात आणि सेन्सरच्या काचेवर शेवाळ चढते. संस्थेने गावाच्या अक्षांश-रेखांशावरून रोजची वेळ स्वतः ठरवणारा टाइम स्विच सुचवला, जो ढगांवर अवलंबून राहत नाही. एका ओळीवर तो बसवल्यापासून दिवसा दिवे जळत असल्याची तक्रार आलेली नाही. स्विचच्या आतील बॅटरी संपली की वेळ बिघडते, म्हणून तिची मुदत नोंदवून ठेवावी, हे मात्र त्यांनी आपणहून सांगितले नाही, आम्हाला ते माहितीपत्रकातून कळले.

पंचायतीच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या मोटारींचा असतो, आणि नेमक्या याच ठिकाणी ही सेवा अपुरी पडली. १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी १०० मीटर उचलायला सिद्धांताने ०.२७ युनिट पुरते, प्रत्यक्षात पंप आणि मोटार यांच्या कार्यक्षमतेनुसार ते दुप्पट, तिप्पट किंवा त्याहून अधिक लागते. २,००० लोकवस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाप्रमाणे रोज १,१०,००० लिटर पाणी द्यायचे असेल आणि विहिरीपासून टाकीपर्यंतची एकूण उचल ५० मीटर असेल, तर किमान १५ युनिटे लागतात. पंप आणि मोटार मिळून ५० टक्के कार्यक्षम असतील तर ३० युनिटे लागतात आणि ३० टक्केच असतील तर ५० युनिटे. म्हणजे रोजचा २० युनिटांचा, वर्षाचा ७,३०० युनिटांचा फरक फक्त पंपाच्या निवडीमुळे आणि निगेमुळे पडतो. संस्थेने हा हिशेब उत्तम समजावून सांगितला, प्रवाह मोजला, दाब मोजला आणि एक सबमर्सिबल पंप विहिरीच्या मानाने गरजेपेक्षा जास्त टप्प्यांचा, म्हणजे जास्त उंचीवर पाणी चढवण्यासाठीचा, असल्याचेही दाखवून दिले. पण मोजमाप पावसाळ्यानंतर, विहिरी भरलेल्या असताना झाले. आपल्याकडे विहिरीतील पाणी नोव्हेंबरात जिथे असते तिथून एप्रिल-मे महिन्यात कितीतरी खाली जाते, त्यामुळे पंपाची उचल बदलते आणि कार्यक्षमताही बदलते. एका ऋतूतील वाचनावरून नवा पंप निवडला, तर ऐन टंचाईत तो कमी पडण्याची शक्यता असते. कारखान्यातील मोटार बारा महिने एकाच भारावर चालते. विहिरीवरची मोटार तशी चालत नाही, हा फरक अहवालात उतरायला हवा होता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. टाकीतून सोडलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश पाणी वाटेत गळत असेल, तर गावाला तेवढेच पाणी पोहोचवण्यासाठी मोटार दीडपट चालवावी लागते. जुनी सांधलेली नळमार्गिका, तुटलेल्या चाव्या (व्हॉल्व्ह) आणि टाकी भरल्यावरही चालू राहिलेली मोटार यांवरचा खर्च विजेच्या बिलात जातो, पण तो शोधण्यासाठी पाण्याचा हिशेब लागतो. संस्थेच्या कामाच्या व्याप्तीत पाणी नव्हतेच. त्यांच्या प्रस्तावात फक्त विद्युत तपासणी असा उल्लेख होता, तेव्हा करारानुसार त्यांनी काही चुकीचे केले असे म्हणता येत नाही. तरीही पंचायतीच्या वीजबिलाची तपासणी करणाऱ्याने किमान रात्री सर्व चाव्या बंद करून टाकीची पातळी किती उतरते, एवढी साधी चाचणी तरी घ्यायला हवी. ती आमच्या वाटरमननी नंतर स्वतः घेतली, आणि त्यातून हाती आलेली एक गळती दुरुस्त झाल्यावर मोटारीचे रोजचे तास स्पष्टपणे कमी झाले.

आता व्यवहाराविषयी. संस्थेने दोन पर्याय दिले होते : प्रत्येक आरआर नंबरमागे ६०० रुपये, किंवा सुरुवातीला काहीही न घेता पहिल्या वर्षाच्या बचतीतील ३० टक्के. दुसरा पर्याय ऐकायला सोयीचा वाटतो आणि हातात निधी नसलेल्या पंचायतीला तो मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु बचत कशाच्या तुलनेत मोजायची, हे त्यांच्या मसुद्यात लिहिलेले नव्हते. पाऊस चांगला झाला आणि मोटारी कमी चालल्या, तर ती बचत कोणाच्या खात्यावर जाणार? दर बदलला तर रुपयांतील फरक कसा धरायचा? नवी वस्ती जोडली गेली तर काय? या प्रश्नांवर समाधानकारक उत्तर न मिळाल्याने आम्ही ठरावीक शुल्काचा पर्याय घेतला आणि तीन पंचायतींनी एकत्र काम दिल्यामुळे शुल्कात थोडी सवलतही मिळाली. लहान पंचायतींनी एकत्र येऊन काम देणे हा माझ्या मते सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, कारण अभियंत्यांचा येण्याजाण्याचा खर्च विभागला जातो आणि तिन्ही गावांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर कोणत्या गावात काय बिघडले आहे, हे लगेच दिसते.

अहवालासोबत एलईडी दिवे, टाइम स्विच आणि नवे पंप यांचे दरपत्रकही आले, आणि ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. दोष सांगणारा आणि त्यावरची वस्तू विकणारा एकच असेल, तर दोष किती खरा याबद्दल शंका राहतेच. दरपत्रकातील दिव्यांच्या वॉरंटीत ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) आणि सर्ज संरक्षण (अचानक वाढलेल्या वीजदाबापासूनचे संरक्षण) यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता, आणि वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा ज्या प्रमाणात कडाडतात ते पाहता हीच दोन कलमे महत्त्वाची आहेत. शिवाय पंचायतीची खरेदी १९९९ च्या कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याच्या चौकटीतच व्हावी लागते. तपासणी करणाऱ्याने वस्तूंचे तांत्रिक वर्णन द्यावे, म्हणजे किती वॅट, किती ल्युमेन, किती वर्षांची वॉरंटी, किती केव्हीपर्यंतचे सर्ज संरक्षण हे लिहून द्यावे, आणि खरेदी पंचायतीने खुल्या पद्धतीने करावी. आम्ही तसे कळवल्यावर संस्थेने दरपत्रक मागे घेऊन तांत्रिक वर्णन दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

अहवालाची भाषा हा आपल्या भागातला नाजूक आणि तितकाच व्यावहारिक विषय आहे. मूळ अहवाल इंग्रजीत होता, कार्यालयीन अर्ज कन्नडमध्ये होते आणि ग्रामसभेसाठी चार पानांचा मराठी सारांश होता. सारांश चांगला होता, तो ग्रामसभेत वाचून दाखवल्यावर महिलांनी पाणी सोडण्याच्या वेळांवर आणि सकाळी जळणाऱ्या दिव्यांवर नेमके प्रश्न विचारले. मात्र मोजमापांचे तक्ते मराठीत नव्हते, आणि ज्यांना रोज मोटार चालवायची आहे त्या वाटरमनना तेच हवे होते. पुढील पंचायतींनी तक्ते मराठीत आणि अर्ज कन्नडमध्ये, अशी अट कामाच्या आदेशातच घालावी.

सेवेत नसलेली, पण असायला हवी अशी आणखी एक गोष्ट सुचवतो. दर ठरवण्यापूर्वी नियामक आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. या सुनावण्यांत उद्योजकांच्या संघटना आकडे घेऊन उभ्या राहतात, शेतकरी संघटनाही बोलतात, पण ग्रामपंचायतींचा आवाज क्वचितच ऐकू येतो. पिण्याच्या पाण्याच्या आणि पथदिव्यांच्या दराचा भार शेवटी गावाच्या विकासनिधीवरच पडतो. तीन पंचायतींचे तपासलेले आकडे आज आमच्या हातात आहेत. उद्यमबागेतील कारखानदारांना सुनावणीसाठी निवेदन तयार करून देणाऱ्या या अभियंत्यांनी तशीच मदत पंचायतींना केली, तर त्यासाठी वेगळे शुल्क देण्यासही आमची तयारी आहे, असे आम्ही त्यांना कळवले आहे.

ज्या पंचायतीकडे आरआर नंबरांची अद्ययावत यादी आहे, मोटारींचे तास रोज वहीत नोंदवले जातात आणि भारदुरुस्तीचे अर्ज वेळच्या वेळी दिले जातात, तिला या सेवेची गरज नाही, तिने फक्त पंपांची मोजणी करून घ्यावी. अशा पंचायती थोड्या आहेत. बाकीच्यांनी ठरावीक शुल्कावर, शेजारच्या गावांना बरोबर घेऊन आणि साहित्य विक्री वगळून हे काम द्यावे. आम्ही शुल्काचा शेवटचा हप्ता राखून ठेवला आहे. एप्रिलअखेर विहिरी खोल गेल्यावर पंपांचे मोजमाप पुन्हा घेऊन सुधारित तक्ते मराठीत द्यायचे संस्थेने लेखी मान्य केले आहे, आणि ते तक्ते हाती आल्याशिवाय नव्या पंपाची निविदा काढायची नाही, असा ठराव पंचायतीने केला आहे.